२०० षटकोन आणि एक देश : ‘एसएफ’ पॅकेजचे परीक्षण

२०१८ साली ब्रिस्बेन येथे भरलेल्या ‘यूजआर’ या आर वापरणाऱ्यांच्या परिषदेत, आर या संगणकीय भाषेतील पॅकेजांचे (तयार कोडच्या संचांचे) षटकोनी स्टिकर ऑस्ट्रेलियाच्या नकाशाच्या आकारात मांडलेली एक भिंत उभी केली होती, आणि ती मांडणी कोड लिहून बसवलेली होती. आमच्या अभ्यासगटाने तयार केलेल्या २०० षटकोनी टाइलांची तशीच मांडणी करायचे आम्ही ठरवले, देशही तोच ठेवला आणि कामासाठी ‘एसएफ’ हे आर भाषेतील मोफत पॅकेज निवडले. त्या कामाच्या निमित्ताने या पॅकेजचा जो जवळून परिचय झाला, त्यावर हे परीक्षण आधारलेले आहे. माझे मत आधीच सांगते. भूमितीचे काम हे पॅकेज इतके चोख करते की त्याला दुसरा पर्याय शोधावा असे मला वाटत नाही. मात्र शेवटी जो आकार तयार होतो तो पाहणाऱ्याला देश म्हणून ओळखू येईल की नाही, हा निर्णय ते घेत नाही, आणि तो सर्वस्वी त्याच्यावर सोपवला तर हिशेब बरोबर येऊनही नकाशा फसतो.

एसएफ हे पॅकेज २०१६ पासून उपलब्ध आहे. त्याची मूळ कल्पना साधी आहे : देश, बेट, षटकोन असा प्रत्येक आकार हा तक्त्यातील एका ओळीचा भाग असतो, त्यामुळे तक्त्यातील ओळी आपण जशा गाळतो, मोजतो, क्रमाने लावतो, तसेच आकारांचेही करता येते. आतले जड काम जीडीएएल, जीईओएस आणि प्रोज ही जुनी, मुरलेली तीन ग्रंथालये, म्हणजे तयार कोडचे संग्रह, करतात. विंडोज आणि मॅकवर पॅकेज एका ओळीत बसते. लिनक्सवर ही तीन ग्रंथालये आधी बसवून घ्यावी लागतात आणि नवख्या माणसाचा त्यात वेळ जाऊ शकतो. षटकोनी नकाशांचे जुने कोड वाचताना मात्र सावध राहावे. त्यांतील पुष्कळसे ‘आरजीडीएएल’, ‘आरजीईओएस’ आणि ‘मॅपटूल्स’ यांच्या आधारावर लिहिलेले आहेत आणि ही तिन्ही पॅकेजे ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने थेट एसएफकडेच जावे.

काम सुरू करण्यापूर्वी कागदावर एक छोटा हिशेब करावा लागतो. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७६ लाख ९० हजार चौरस किलोमीटर आहे. त्याला २०० ने भागले की एका टाइलच्या वाट्याला सुमारे ३८,४५० चौरस किलोमीटर जमीन येते. सुसम षटकोनाच्या समोरासमोरील दोन बाजूंमधले अंतर आपण त्याची रुंदी मानली, तर त्याचे क्षेत्रफळ म्हणजे रुंदीच्या वर्गाची ०.८६६ पट, म्हणून टाइलची रुंदी साधारण २१० किलोमीटर ठरते. जाळी आखणारे फंक्शन ‘एसटी_मेक_ग्रिड’ हे आहे. त्याला चौकोन नको असे सांगितले की ते षटकोन आखते, आणि ‘सेलसाइझ’ म्हणून त्याला जो आकडा द्यायचा तो हीच रुंदी असते.

या आकड्याबाबत माझी पहिली चूक झाली. सेलसाइझ म्हणजे षटकोनाची बाजू असे मी गृहीत धरले, बाजूचा हिशेब करून सुमारे १२२ किलोमीटर हा आकडा दिला, आणि २०० च्या जागी ६०० च्या आसपास टाइल समोर आल्या. बाजू आणि रुंदी यांचे गुणोत्तर एकास वर्गमूळ तीन असल्यामुळे ही चूक बरोबर तिप्पट होते. पॅकेजच्या मदतपानावर याचा खुलासा आहे, पण तो एका वाक्यात उरकलेला आहे आणि सोबत आकृती नाही. ज्या फंक्शनचा अर्धा उपयोग षटकोनांसाठी होतो, त्याच्या मदतपानावर माप दाखवणारा एक षटकोन काढलेला असता तर किती जणांचा वेळ वाचला असता, असे मला मनापासून वाटते.

यापेक्षा गंभीर चूक प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीची असते, कारण ती दिसतच नाही. देशांच्या सीमांची माहिती बहुधा अक्षांश-रेखांशांत मिळते. तीवर तशीच जाळी टाकली तर पडद्यावर सुबक, एकसारखे षटकोन दिसतात आणि सगळे ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात रेखांशाचा एक अंश देशाच्या उत्तरेकडील केप यॉर्कच्या टोकाजवळ सुमारे १०९ किलोमीटर भरतो, तर दक्षिणेकडील टास्मानिया बेटाच्या दक्षिण टोकाजवळ जेमतेम ८१. म्हणजे दक्षिणेकडील टाइल उत्तरेकडील टाइलपेक्षा एक चतुर्थांशाने कमी जमीन झाकते आणि टास्मानियाला त्याच्या हक्कापेक्षा जास्त टाइल मिळतात. यावर उपाय एका ओळीचा आहे : ‘एसटी_ट्रान्सफॉर्म’ वापरून नकाशा आधी समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळांचे प्रमाण राखणाऱ्या प्रक्षेपणात न्यावा. ऑस्ट्रेलियासाठी अल्बर्स प्रक्षेपण आहे, प्रक्षेपणांच्या ईपीएसजी या यादीत त्याचा क्रमांक ३५७७. तेथे सगळी मापे मीटरमध्ये येतात, म्हणून २१० किलोमीटर हे २,१०,००० असे लिहावे लागते.

सीमा कोणत्या आराखड्यातून घ्याव्यात, याचा फार विचार करण्याची गरज नाही. ‘नॅचरल अर्थ’ या मोफत नकाशासंग्रहातील नकाशे एकास ११ कोटी, एकास ५ कोटी आणि एकास १ कोटी अशा तीन प्रमाणांत मिळतात, २१० किलोमीटरच्या टाइलसाठी मधले प्रमाण पुरेसे आहे. छोटी बेटे मात्र आधीच काढून टाकावीत. देशाचे वेगवेगळे तुकडे सुटे केले आणि १०,००० चौरस किलोमीटरपेक्षा लहान तुकडे गाळले की मेलव्हिल आणि कांगारू यांसारखी बेटे जातात, दक्षिण महासागरात दूरवर असलेले मॅक्वारी बेट नोंदीत असेल तर तेही जाते, आणि मुख्य भूमी व टास्मानिया एवढेच दोन आकार उरतात.

यानंतर खरा प्रश्न येतो : किनाऱ्यावरच्या कोणत्या टाइल ठेवायच्या? याचे तीन नियम सहज सुचतात आणि तिन्ही एसएफमध्ये दोन-तीन ओळींत लिहिता येतात. जमिनीला जराही स्पर्श करणारी प्रत्येक टाइल ठेवावी. किंवा जिचा मध्यबिंदू जमिनीवर पडतो तीच ठेवावी. किंवा जिचे निम्म्याहून अधिक क्षेत्रफळ जमिनीवर आहे ती ठेवावी. हे नियम कागदावर सारखेच वाटतात. नकाशावर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

बास सामुद्रधुनीचे उदाहरण घेऊ. मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्यामधल्या या पाण्याची रुंदी जास्तीत जास्त सुमारे २४० किलोमीटर आहे. आमची टाइल टोकावर उभी असल्यामुळे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत तिची उंची सुमारे २४३ किलोमीटर भरते. म्हणजे एकच टाइल दोन्ही किनाऱ्यांना एकाच वेळी टेकू शकते, आणि स्पर्शाचा नियम लावला की टास्मानिया मुख्य भूमीला जाऊन चिकटते. मध्यबिंदूचा नियम येथे तारून नेतो. शेजारच्या दोन रांगांच्या मध्यबिंदूंतले उभे अंतर सुमारे १८२ किलोमीटर असल्याने सामुद्रधुनीत एक रांग बहुधा रिकामी राहते, आणि तेवढ्या एका रिकाम्या रांगेवरून हे बेट आहे हे डोळ्याला कळते. खुद्द टास्मानियाच्या वाट्याला क्षेत्रफळाप्रमाणे जेमतेम पावणेदोन टाइल येतात. जाळी कुठे पडते त्यानुसार कधी एकच टाइल मिळते, कधी दोन. एक टाइल मिळाली तर ती सुटून पडलेल्या तुकड्यासारखी दिसते. दोन मिळाल्या की बेट दिसते.

उत्तरेला याच्या उलट अडचण येते. केप यॉर्क द्वीपकल्प टोकाकडे चिंचोळे होत जाते आणि आमची टाइल त्या टोकापेक्षा बरीच रुंद आहे, त्यामुळे सर्वांत वरच्या टाइलचा मध्यबिंदू पुष्कळदा समुद्रात पडतो आणि मध्यबिंदूच्या नियमाने ती टाइल बाद होते. मग ते शिंग आखूड होते, कार्पेंटारियाच्या आखाताची पूर्वेकडची भिंत खचल्यासारखी दिसते, आणि आखात स्वतः तीन टाइल रुंद असूनही आखातासारखे वाटत नाही. दक्षिणेकडच्या स्पेन्सर आखाताची गोष्ट वेगळी आहे. त्याचे तोंड आमच्या टाइलपेक्षा बरेच अरुंद असल्याने २१० किलोमीटरच्या टाइलमध्ये ते कोणत्याही नियमाने टिकत नाही. ते सोडून द्यावे. त्याच्या अभावाने कोणाची ओळख चुकत नाही.

टाइल बरोबर २०० याव्यात यासाठी पॅकेजमध्ये तयार सोय नाही, आणि माझ्या दृष्टीने ही त्यातली सर्वांत मोठी उणीव आहे. ‘एसटी_सॅम्पल’ या फंक्शनला षटकोनी मांडणीतील बिंदू मागता येतात आणि त्यांची संख्याही सांगता येते. पण या मांडणीत ती संख्या अंदाजापुरतीच पाळली जाते. टाइलची रुंदी थोडी थोडी कमी करत जावे तर संख्या एकेकाने वाढत नाही. किनाऱ्यावर दोन-तीन मध्यबिंदू एकदम आत येतात आणि आपल्याला हवा असलेला आकडा ओलांडून जातो. यावर मला सापडलेला मार्ग असा : रुंदी जवळपास ठरवून घ्यावी, देशाभोवती थोडी मोकळी जागा सोडून जाळी एकदाच आखावी आणि मग ती संपूर्ण जाळी आडवी-उभी सरकवून पाहावी. जाळीची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येत असल्यामुळे सरकवण्याच्या जागा मर्यादित असतात. आडव्या दहा आणि उभ्या दहा अशा १०० जागा तपासल्या तरी चांगला अंदाज येतो. एसएफमध्ये जाळीला दोन आकडे मिळवले की ती तेवढी सरकते, इतके हे सोपे आहे. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ही बेरीज केल्यावर आकारांना जोडलेली प्रक्षेपणाची नोंद गळून पडते आणि ती हाताने परत लावावी लागते. तसे केले नाही तर पुढची पायरी दोन आकारांचे प्रक्षेपण जुळत नाही अशी तक्रार करून थांबते. पॅकेज चुपचाप चुकीचे उत्तर देत नाही, थांबते, हा त्याचा मला अतिशय आवडलेला गुण आहे.

शंभर जागांपैकी चांगली कोणती, हे ठरवण्यासाठी मी आधी क्षेत्रफळाचा निकष लावला : टाइलांचा एकत्रित आकार आणि खरा देश यांच्यात जे क्षेत्र एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, ते मोजावे आणि सर्वांत कमी फरकाची जागा निवडावी. ‘एसटी_युनियन’ आणि ‘एसटी_सिम_डिफरन्स’ ही दोन फंक्शने हे काम झटपट करतात. निकष निर्दोष वाटत होता. प्रत्यक्षात त्याने निवडलेल्या मांडणीत केप यॉर्कचे टोक नव्हते आणि टास्मानियाला एकच टाइल होती. कारण उघड आहे. २०० टाइलांपैकी एक टाइल म्हणजे अर्धा टक्का, आणि तो अर्धा टक्का वाळवंटाच्या सरळ किनाऱ्यावर पडला काय किंवा द्वीपकल्पाच्या टोकावर पडला काय, क्षेत्रफळाच्या लेखी दोन्ही सारखेच. डोळ्याच्या लेखी ते सारखे नाहीत. आपण देश ओळखतो तो त्याच्या चार-पाच खुणांवरून : वरचे शिंग, त्याच्या डाव्या हाताचे आखात, दक्षिणेकडची मोठी आतली वळणरेषा आणि खाली सुटे पडलेले बेट. म्हणून मी निकष बदलला. ज्या मांडणीत केप यॉर्कच्या टोकाला टाइल आहे, टास्मानियाला दोन टाइल आहेत आणि सामुद्रधुनीत एक रांग रिकामी आहे, त्याच मांडण्या आधी निवडल्या आणि क्षेत्रफळाची चाचणी त्यांच्यापुरतीच लावली. फरक किंचित वाढला, पण भिंतीपासून दहा पावले मागे जाऊन पाहणाऱ्याला देश ओळखू येऊ लागला.

इतर देशांच्या बाबतीत या खुणा निराळ्या असतील आणि त्या आधी लिहून काढाव्यात असा माझा आग्रह आहे. चिलीची लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर आहे आणि सरासरी रुंदी १८० किलोमीटरच्याही आत. तेथे २०० टाइल घेतल्या तर प्रत्येक टाइल साधारण ६६ किलोमीटर रुंद होते आणि देश दोन-तीन टाइल रुंद दिसतो, पण ५०च टाइल असतील तर तो जवळजवळ एकेरी माळ होऊन जातो. दक्षिण आफ्रिकेत २०० टाइलांच्या हिशेबाने, त्या देशाने चहूबाजूंनी वेढलेल्या लेसोथो या वेगळ्या देशाच्या जागी सुमारे पाच टाइलांची पोकळी राहिली पाहिजे. ती बुजली तर आकार चुकला. एसएफ अशी पोकळी व्यवस्थित सांभाळते. तिच्यासाठी वेगळे काही लिहावे लागत नाही.

पर्याय म्हणून मी ‘एच३’ ही जाळीही तपासली. उबर कंपनीने २०१८ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ही प्रणाली साऱ्या पृथ्वीगोलावर षटकोन आखते आणि तिच्या कामासाठी ती उत्तमच आहे. परंतु तिच्यातील आकारांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक पायरीला क्षेत्रफळ साधारण सात पटींनी बदलते. दुसऱ्या पायरीवर षटकोनाचे सरासरी क्षेत्रफळ सुमारे ८६,८०० चौरस किलोमीटर, तर तिसऱ्या पायरीवर सुमारे १२,४००. म्हणजे ऑस्ट्रेलियासाठी एक तर ९०च्या आसपास टाइल घ्याव्यात किंवा ६२०च्या आसपास. २०० ही संख्या तेथे बसतच नाही. शिवाय गोलावरचे षटकोन सपाट कागदावर आले की किंचित तिरके होतात, आणि छापून कापलेली टाइल तिरकी करता येत नाही.

जागा ठरल्यावर चित्रे बसवण्याचे काम ‘मॅजिक’ या दुसऱ्या पॅकेजने केले. त्याचे वेगळे परीक्षण करण्याइतका मी त्याचा वापर केलेला नाही, पण दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. नकाशात वरची दिशा धन असते आणि चित्रात मोजणी वरून खाली होते, त्यामुळे उभ्या अंतराचे अधिक-उणे चिन्ह बदलले नाही तर टास्मानिया वर येते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. टाइल २०० पिक्सेल रुंद ठेवली तर दोन रांगांतले अंतर १७३.२ पिक्सेल येते. प्रत्येक रांगेला १७३ धरून पुढे गेले तर विसाव्या रांगेपर्यंत सुमारे चार पिक्सेलांची चूक साठते, आणि जाळीतून काढलेल्या अचूक जागांशी चित्रे जुळेनाशी होतात. म्हणून प्रत्येक टाइलची जागा मूळ अपूर्णांकावरून स्वतंत्रपणे काढावी आणि पूर्णांक शेवटी करावा. कोणते चित्र कोणत्या जागी जावे हे आम्ही रंगांवरून ठरवले. प्रत्येक जागेला एक अपेक्षित रंग दिला, २०० चित्रे आणि २०० जागा यांच्या ४०,००० जोड्यांचा रंगफरक मोजला आणि १९५५ साली हॅरोल्ड कून यांनी मांडलेल्या ‘हंगेरियन’ पद्धतीने एकूण फरक सर्वांत कमी होईल अशी वाटणी काढली. ‘क्लू’ या पॅकेजमध्ये ती तयार मिळते आणि उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच येते.

छपाईच्या टप्प्यावर आम्हाला थोडा त्रास झाला. षटकोनी स्टिकरांचे रूढ माप २ इंच उंच आणि १.७३ इंच रुंद, म्हणजे ५.०८ आणि ४.३९ सेंटिमीटर असे आहे. आमच्या टाइल कापून आल्या त्या प्रत्येकी अर्धा मिलिमीटर अधिक रुंद होत्या. एका टाइलकडे पाहून हे कोणाच्याही लक्षात आले नाही, पण सर्वांत लांब रांगेत १९ टाइल असल्याने शेवटच्या टाइलपर्यंत जवळजवळ एक सेंटिमीटर सरक पडत होती. डावीकडून सुरुवात करून लावलेल्या पहिल्या चार रांगा काढाव्या लागल्या. दुसऱ्या खेपेस आम्ही मधल्या टाइलपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने लावत गेलो, त्यामुळे तीच चूक दोन्ही किनाऱ्यांवर निम्मी-निम्मी वाटली गेली आणि डोळ्याला जाणवेनाशी झाली. सुमारे ७८ सेंटिमीटर उंच आणि ८५ सेंटिमीटर रुंद असा हा नकाशा लावायला तिघांना अख्खी दुपार लागली. टास्मानियाच्या दोन टाइलांसाठी रिकाम्या रांगेची उंची मोजपट्टीने न मोजता, तेथे दोन कोऱ्या टाइल तात्पुरत्या ठेवल्या, खालच्या दोन चिकटवल्या आणि मग कोऱ्या काढून घेतल्या. प्रत्येक टाइलच्या मागे एसएफच्या तक्त्यातील रांग आणि स्तंभ यांचे क्रमांक आधीच लिहून ठेवले होते. पुढच्या महिन्यात भिंत बदलावी लागली तेव्हा संगणक उघडावा लागला नाही.